नाचता येईना, इंजिन जुनं: गो-कार्टिंगमध्ये पैसे आधी कशावर घालायचे?

"ताई, तू एकदा बाबांशी बोल ना. तुझं ते ऐकतात."

मावसभावाचा फोन आला की विषय काय असणार, हे मला दिवाळीपासून माहीत आहे. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन मित्रांसोबत वर्गणी काढून त्याने एक सेकंडहँड रेसिंग कार्ट घेतली. ती ट्रॅकवरच्याच गॅरेजमध्ये महिन्याच्या भाड्याने ठेवलेली असते. रविवारी तिघं जातात, आलटून पालटून चालवतात, क्लबच्या छोट्या रेसमध्ये भाग घेतात. आणि दर वेळी भाऊ शेवटून तिसरा किंवा चौथा येतो.

त्याचं निदान ठरलेलं आहे. इंजिन थकलंय. नवीन इंजिन बसवलं की झालं. काका तर एफडी मोडायच्या बेतात होते.

म्हणून एका रविवारी मी सोबत गेले. त्याच्या सर्वात वेगवान फेरीची वेळ होती ५२.१ सेकंद. ट्रॅकवर शिकवणारे एक सर आहेत, वय पन्नाशीच्या पुढे, वजन भावापेक्षा निदान बारा किलो जास्त. त्यांनी भावाची कार्ट मागितली. तेच इंजिन, तेच टायर, तेवढीच हवा. तिसऱ्या फेरीला त्यांची वेळ लागली ५१ सेकंद.

भाऊ दहा मिनिटं कुणाशी बोलला नाही.

तर आजचा विषय हाच. हौशी कार्टिंगमध्ये सामान बदलून किती फरक पडतो, चालवणं सुधारून किती पडतो, आणि यातलं आधी काय करायचं?

आधी थोडं कार्टबद्दल

कार्ट म्हणजे लोखंडी पाइपांची चौकट, चार छोटी चाकं, एक सीट आणि एक इंजिन. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली कार्ट बनवली. तो रेसिंग कार बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि कार्टला त्याने इंजिन लावलं ते गवत कापायच्या यंत्राचं. म्हणजे या खेळाची सुरुवातच जुगाडातून झाली.

आपल्याकडे कार्टिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक भाड्याचं. तिकीट काढायचं, हेल्मेट घालायचं, आठ-दहा फेऱ्या मारायच्या. पुण्या-मुंबईत बहुतेकांनी हे एकदा तरी केलेलं असतं, निदान ऑफिसच्या पार्टीत. यातल्या कार्ट फोर-स्ट्रोक असतात आणि जेमतेम ६ ते ९ हॉर्सपॉवरच्या. दुसरा प्रकार स्वतःच्या कार्टचा. त्यात १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आलं, ३० हॉर्सपॉवरच्या आसपासची ताकद आली आणि खर्चही आला. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, त्या या दुसऱ्या प्रकारातल्या.

पहिल्या प्रकारातला माणूस म्हणतो, "मला खटारा कार्ट मिळाली." दुसऱ्यातला म्हणतो, "इंजिन थकलंय." दोघांचं म्हणणं एकच आहे.

आणि ते अगदीच खोटं नाही, हेही सांगायला हवं. भाड्याच्या ताफ्यात एक-दोन कार्ट खरोखर मंद असतात. पण तुमची तीच होती का, हे ओळखायचा बिनखर्ची उपाय आहे. पुढच्या वेळी मित्राशी कार्ट बदलून घ्या. तुमच्या 'खटारा' कार्टवर तो तुमच्याहून जास्त वेगाने गेला, तर प्रश्न मिटला.

३ किलोमीटर विरुद्ध ५ टक्के

आता थोडं गणित. शाळेतलंच आहे, घाबरू नका.

समजा वळण संपल्यावर १०० मीटरचा सरळ पट्टा आहे. तुम्ही वळणातून ताशी ४० किलोमीटरने बाहेर पडलात. कार्टचा वेग दर सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरने वाढतो असं धरू, कारण भाड्याच्या कार्टला एवढंच जमतं. हा पट्टा पार करायला तुम्हाला ६.८७ सेकंद लागतील.

आता त्याच इंजिनवर त्याच वळणातून ४० ऐवजी ४३ ने बाहेर या. वेळ लागेल ६.५७ सेकंद. म्हणजे ०.३ सेकंदांची बचत.

आता उलटं करू. वळणातून ४० नेच बाहेर या, पण इंजिन असं बसवा की कार्टची ओढ ५ टक्क्यांनी वाढेल. वेळ लागेल ६.८१ सेकंद. बचत ०.०६ सेकंद.

पाचपट फरक आहे. ताशी ३ किलोमीटर म्हणजे काय, तर आपण गर्दीत सहज चालतो त्याहूनही कमी वेग. तो वळणाच्या तोंडाशी मिळवला तर पुढचा अख्खा पट्टा तुमच्या सोबत राहतो. इंजिनाने वाढवलेली ओढ मात्र हळूहळू साठत जाते आणि पट्टा संपेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. खऱ्या ट्रॅकवर हवेचा विरोध, चढ, टायर असं बरंच काही मध्ये येतं, त्यामुळे हे आकडे तंतोतंत घेऊ नका. पण दिशा हीच राहते. आणि इंजिनाची ताकद जितकी कमी, तितका वळणात गमावलेला वेग परत मिळवायला वेळ जास्त. भाड्याच्या कार्टमध्ये तर वळणात वेग घालवणं म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला पगार उडवणं.

मग तो ३ किलोमीटरचा वेग जातो कुठे?

इथे कार्टची एक गंमत समजून घ्यायला हवी. ही गोष्ट कार किंवा बाइक चालवणाऱ्याला माहीत नसते, आणि म्हणूनच चांगले ड्रायव्हरही कार्टमध्ये फसतात.

कारमध्ये डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. कार्टला तो नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात. अर्धवर्तुळाकार वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण साडेतीन मीटर जास्त जातं. मग दोघांचं जमणार कसं? एकाला तरी घासत जावं लागणार. घासलं की वेग गेला.

यावर कार्टची रचनाच उपाय काढते. स्टिअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या विशिष्ट कलामुळे आतल्या बाजूचं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चौकट थोडी पिळली जाते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. कार्टला शॉकॲब्सॉर्बर नसतात, लोखंडी चौकटीची लवचीकता हेच तिचं सस्पेन्शन. आतलं चाक हलकं झालं की कार्ट तीन चाकांवर मोकळी वळते.

आता आपली सवय बघा. महाराष्ट्रातला माणूस गाडी शिकतो ती दुचाकीवर. वळण आलं की अंग आपोआप आत झुकतं. बाइकवर ते बरोबर आहे. कार्टमध्ये मात्र तुम्ही आत झुकलात की तुमचं वजन नेमकं त्या उचलू पाहणाऱ्या चाकावर येतं. ते खाली बसतं, घासतं, इंजिन गुदमरतं, आणि तुम्ही म्हणता पिकअपच नाही! बऱ्याच नवख्यांचं 'थकलेलं इंजिन' ते हेच. सरांनी भावाला पहिली गोष्ट सांगितली ती ही, "खांदे सरळ ठेव. झुकायचंच असेल तर बाहेर झुक."

दुसरी चोरी होते ती घसरण्यात. कार्टची शेपटी बाहेर गेली, टायर किंचाळले, की आपल्याला वाटतं काय भारी चालवतोय. रील पण भारी येतं. (माझ्याकडे भावाची अशी सात रील्स आहेत.) पण किंचाळणारा टायर इंजिनाची ताकद घर्षणात उडवत असतो. किंचित सरक चालते, ती लागतेच. पण स्टिअरिंग उलटं फिरवून सांभाळावं लागत असेल, तर तेवढ्यात मागचा माणूस आतून निघून जातो.

ब्रेक, आणि रिकामा पाय

भाड्याच्या आणि बहुतेक हौशी कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या दांड्यावर असतो. पुढच्या चाकांना नाही. त्यामुळे वळण सुरू झाल्यावर जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं पकड सोडतात आणि कार्ट गर्रकन फिरते. म्हणून जोराचा ब्रेक सरळ असतानाच मारायचा, आणि वळण सुरू होईल तसा पाय हळूहळू उचलायचा.

हे बहुतेकांना एक-दोन फिरक्या खाल्ल्यावर कळतं. मग ते उलट्या टोकाला जातात. वळण दिसलं की लांबूनच रेस सोडतात आणि ब्रेकही न मारता नुसते वाहत जातात. पाय कुठल्याच पेडलवर नाही. ताशी ६० च्या वेगाने कार्ट सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अर्धा सेकंद जरी पाय रिकामा राहिला, तरी आठ मीटर तुम्ही फुकट घालवले, आणि असं प्रत्येक वळणाला. भावाच्या मागे उभं राहून मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तेव्हा इंजिनाच्या आवाजात ही शांतता स्पष्ट ऐकू येत होती. कॅमेऱ्याची गरजच नाही, कान पुरतात. आवाज असावा किंवा टायरचा ब्रेक असावा, मधली शांतता कमीत कमी.

आणखी एक सवय, ऑटोमॅटिक स्कूटरवरून आलेली: थोडा ब्रेक दाबून ठेवत रेस देणं. कार्टमध्ये यामुळे क्लच जळतो. भाड्याच्या काही कार्ट तर असं केलं की इंजिनाची ताकदच तोडतात. परत तेच. "पिकअप नाही."

रस्ता कसा निवडायचा, यावर यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. वळणात बाहेरच्या कडेने शिरायचं, आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि परत बाहेरच्या कडेला जायचं. कारण असं केल्याने वळणाचं वर्तुळ मोठं होतं, आणि वर्तुळाची त्रिज्या दीडपट झाली तर तेवढ्याच पकडीवर वेग सुमारे २२ टक्के जास्त ठेवता येतो. ज्या वळणापुढे लांब पट्टा आहे, तिथे आतल्या कडेला थोडं उशिरा शिवा, म्हणजे स्टिअरिंग लवकर सरळ होईल आणि पूर्ण रेस लवकर देता येईल. नवखे जवळजवळ सगळे फार लवकर आत घुसतात. मग बाहेर पडताना जागा संपते, रेस सोडावी लागते आणि ते आपले ३ किलोमीटर तिथे जातात.

आता खरा मुद्दा: तुमच्याकडे तराजू आहे का?

सेशन संपल्यावर ट्रॅकवाले प्रत्येक फेरीच्या वेळेचा कागद देतात किंवा मोबाइलवर पाठवतात. सगळे त्यातली एकच वेळ बघतात, सर्वात वेगवान. स्टेटसलाही तीच टाकतात.

भावाच्या त्या दिवशीच्या दहा फेऱ्या अशा होत्या: ५३.४, ५२.९, ५४.१, ५२.१, ५३.७, ५२.८, ५५.२, ५२.६, ५३.५, ५३.०.

सर्वात वेगवान ५२.१, सर्वात हळू ५५.२. आणि सरासरी ५३.३. रेस सरासरीवर जिंकली जाते, स्टेटसवर नाही. म्हणजे आहे त्या इंजिनवर, स्वतः एकदा करून दाखवलेलीच वेळ तो रोज करू शकला असता, तरी फेरीमागे १.२ सेकंद वाचले असते.

पण मला सर्वात पटलेली गोष्ट पुढची आहे, आणि ती पैशांची आहे.

समजा काकांनी एफडी मोडली आणि नवीन इंजिन आलं. समजा त्या इंजिनाने फेरीमागे खरोखर ०.३ सेकंद वाचतात. भावाला ते कळणार कसं? त्याच्या दोन फेऱ्यांमध्येच एक-दोन सेकंदांचा फरक पडतोय. ०.३ चा फायदा त्या गोंधळात बुडून जाईल. एखाद्या रविवारी ५१.९ लागली तर तो म्हणेल इंजिन भारी आहे, पुढच्या रविवारी ५२.८ लागली तर म्हणेल आता टायर हवेत. मग टायर येतील. मग दुसरा ॲक्सल. ज्या वजनकाट्याचा काटा स्वतःच एक किलो इकडेतिकडे हलतो, त्यावर सोनं मोजल्यासारखं हे.

ज्याच्या सलग दहा फेऱ्या दोन-तीन दशांश सेकंदांत बसतात, त्याला मात्र हवा थोडी कमी-जास्त केली तरी फरक लगेच दिसतो. म्हणजे सामान बदलायचंच असेल, तरी त्यासाठी आधी ड्रायव्हर स्थिर हवा. नाहीतर घेतलेली वस्तू कामाची होती की नाही, हेसुद्धा तुम्हाला कधी कळत नाही.

नव्या टायरचा तर वेगळाच घोळ. ताजा टायर इतकी पकड देतो की चुका झाकल्या जातात. आत लवकर घुसलात, स्टिअरिंग ओढलंत, तरी कार्ट वळते. वेळ सुधारते, माणूस खूश. टायर झिजले की वेळ परत जागेवर, आणि चुका तशाच.

मग काहीच घ्यायचं नाही का?

घ्यायचं. पण क्रम वेगळा.

हेल्मेट स्वतःचं आणि डोक्याला घट्ट बसणारं घ्या, यात काटकसर नको. त्यानंतर बरगड्यांचं संरक्षण करणारं जॅकेट. कार्टची सीट कडक असते आणि शॉकॲब्सॉर्बर नसल्यामुळे वळणातला सगळा भार बरगड्यांवर येतो. बरगडी दुखावून महिनाभर घरी बसलेले लोक या खेळात खूप आहेत, आणि ज्याला दुखतंय तो नकळत अंग चोरून चालवतो. हातमोजे घ्या. स्वतःची कार्ट असेल तर सीट अंगाच्या मापाची हवी. सैल सीटमध्ये माणूस स्टिअरिंगला लटकून बसतो आणि मग हातांना काही कळत नाही.

हवा मोजायचं चांगलं मीटर घ्या. कार्टच्या टायरमध्ये कारच्या निम्म्याहूनही कमी हवा असते, त्यामुळे थोडा बदलही जाणवतो. चेन, ब्रेक, चौकट सरळ आहे का, हे वेळच्या वेळी बघायचं. याला सुधारणा म्हणत नाहीत, ही देखभाल आहे. चौकट वाकलेली असेल किंवा टायर दगड झाले असतील, तर 'आधी कौशल्य वाढव' हा सल्ला कुणी देऊ नये आणि दिला तर ऐकू नये.

उरलेले पैसे ट्रॅकवरच्या वेळेवर घाला. इंजिनाच्या पैशात किती रविवार येतात, हा हिशेब एकदा करून बघा. प्रत्येक सेशनला एकच गोष्ट धरायची. आज फक्त खांदे, पुढच्या वेळी फक्त ब्रेक. दहा फेऱ्यांत दहा गोष्टी सुधारायला गेलात तर एकही हाताला लागत नाही. आणि भाड्याच्या मंद कार्टवर शिकायला लाजू नका. कमी ताकदीची कार्ट चूक माफ करत नाही, म्हणून ती शिकवते चांगलं.

वरच्या पातळीवरही हेच धरून नियम केलेले आहेत. रोटॅक्स मॅक्सच्या स्पर्धांमध्ये इंजिन सीलबंद असतं, आत हात घालता येत नाही. २००० पासून त्यांची जी जागतिक ग्रँड फायनल्स होते, तिथे तर इंजिन आणि चौकट आयोजकच देतात, तेही चिठ्ठी काढून. घरचं इंजिन घरीच ठेवून यायचं. २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने भारतात 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाने शोधमोहीम घेतली, तीही कार्टिंगमधूनच. त्यातून निवडलेल्या तिघांमध्ये मुंबईचा जेहान दारूवाला होता. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनला त्याने फॉर्म्युला टूची रेस जिंकली.

अर्थात एक वेळ येते जेव्हा सामान खरंच अडवतं. दोघं सारखेच चांगले असतील, तर वर काढलेले ते ०.०६ सेकंद प्रत्येक पट्ट्यावर साठतात आणि वीस फेऱ्यांत ते निकाल ठरवतात. ती वेळ आली हे ओळखायची खूण माझ्या मते सोपी आहे: तुमच्या फेऱ्या स्थिर झाल्या आहेत, आणि तुमच्याहून सरस माणूस तुमची कार्ट घेऊनही तुमच्याइतकीच वेळ काढतोय.

भावाने इंजिन घेतलं नाही. म्हणजे, अजून तरी. त्याऐवजी चार महिने सरांकडे रविवारी शिकला. परवा त्याने व्हॉट्सॲपवर कागद पाठवला. वीस फेऱ्या, सर्वात वेगवान ५१.४, सर्वात हळू ५१.९. खाली मेसेज: "ताई, आता बोलू का बाबांशी इंजिनचं?"

मी तो कागद काकांना फॉरवर्ड केला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"चांगलंय की. पण ते सर किती सेकंदात मारतात म्हणाली होतीस?"